मुक्काम पोस्ट केरिचो

आमच्या गोव्यात घरी आलेल्या माणसाला 'चा' घेतल्याशिवाय कोणी जाऊ देत नाही. पण चा पुढे करण्याआधी जुन्या बायका एक प्रश्न हमखास विचारायच्या, "तुमी खंय रावतात?" म्हणजे तुमचा मुक्काम कुठे? माणसाचे आडनाव, धंदा, दैवत ही चौकशी त्यानंतर. लहानपणी मला हा प्रश्न भोचकपणाचा वाटे. आता वाटते, त्या बायकांना काहीतरी कळलेले होते. माणूस कुठे उतरला आहे यावरून त्याला काय दिसणार आणि काय दिसणार नाही, हे बरेचसे ठरून जाते.

हे आठवायचे कारण चहाच. फेब्रुवारी २०२३ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' आणि 'आफ्रिका आय' या विभागांनी मिळून केलेला एक वृत्तपट जगभर गाजला. तो केनियातल्या चहाच्या मळ्यांवरचा होता. चहाच्या मळ्यावर कॅमेरा घेऊन जाण्यात नवे काय? पाकिटावरचे चित्र आपण रोज पाहतो. हिरव्यागार उतारावर, पाठीला टोपली बांधलेली बाई पाने खुडत असते आणि ती नेहमी हसत असते. ते चित्र काढणारा कधीतरी मळ्यावर जाऊन आलेला असणारच. मग या खेपेच्या चमूला वेगळे काय दिसले आणि आधीच्यांना ते का दिसले नाही? मला वाटते, उत्तर त्या जुन्या प्रश्नात आहे. आधीचे पाहुणे उतरले बंगल्यावर. ही मंडळी उतरली मजुरांत.

पण हे समजायला आधी मळ्याचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

केरिचो हे गाव केनियाच्या पश्चिम भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंचीवर आहे. पूर्वेला माऊचे जंगल, पश्चिमेला काही अंतरावर व्हिक्टोरिया सरोवर. सरोवरावरून येणारी ओलसर हवा डोंगराला धडकते आणि बहुतेक दिवशी दुपारनंतर पाऊस येतो. गारांसाठीही हा भाग प्रसिद्ध आहे. विषुववृत्त अगदी जवळ असल्यामुळे आपल्याकडच्यासारखा कडक हिवाळा नाही, त्यामुळे चहाचे झुडूप बाराही महिने कोंब देत राहते. आसामात थंडीत खुडणी थांबते, इथे थांबत नाही. चहाला याहून चांगली जागा मिळणे कठीण. मजुराला मात्र यात वर्षभराची उसंत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

चहा हे काही आफ्रिकेतले पीक नव्हे. केनियात तो १९०३ साली लिमुरू येथे प्रथम लावला गेला आणि त्याचे बियाणे गेले भारतातून. पुढची वीस वर्षे तो जवळजवळ हौसेचा प्रकार होता. केरिचोला तो आला एका फसलेल्या बेतातून. पहिले महायुद्ध संपल्यावर जखमी होऊन परतलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांसाठी केरिचोजवळ सुमारे २५,००० एकरांची एक वसाहत आखली गेली. ही जमीन किप्सिगीस लोकांची होती. गुरे पाळणारा, डोंगरउतारावर शेती करणारा हा समाज. त्यांना विचारण्याचा प्रश्नच आला नाही. वसाहतीतल्या अधिकाऱ्यांनी तिथे जवस लावले, कारण युद्धकाळात त्याच्या धाग्याला सोन्याचा भाव आला होता. विमानाच्या पंखांचे कापड त्यापासून होई. युद्ध संपले, भाव कोसळला आणि वसाहत बुडाली. जमीन मात्र मूळ मालकांकडे परत गेली नाही. १९२० च्या दशकाच्या मध्याला ती चहाच्या कंपन्यांकडे गेली.

या कंपन्यांची नावे आपल्याला परकी नाहीत. एक ब्रुक बॉन्ड, म्हणजे आपल्या रेड लेबलवाली. दुसरी जेम्स फिनले, जिने मुन्नारचे मळे उभे केले. फिनलेच्या केरिचोतल्या कंपनीचे नाव होते 'आफ्रिकन हायलँड्स'. त्यांनी भारतातून आणि सिलोनमधून नुसती चहाची विद्या आणली नाही, मळ्याची रचनाही आणली. टेकडीच्या माथ्यावर साहेबाचा बंगला, भोवती हिरवळ आणि फुलझाडे. मध्ये कारखाना आणि कचेरी. खाली उतारावर मजुरांच्या खोल्यांच्या रांगा. आपल्याकडे आसामात त्यांना 'कुली लाइन' म्हणत. बंगल्यातून मळा दिसतो, लाइन दिसत नाही. ती दिसू नये अशीच बांधलेली असते.

मजूरही मुख्यतः बाहेरून आणले गेले. किप्सिगीस लोकांना त्यांच्याच जमिनीवर मोलमजुरी करायची हौस नव्हती. म्हणून किसी आणि लुओ समाजाची माणसे शेजारच्या भागांतून आली. ज्याला मळा सोडून त्या भागात दुसरा आधार नाही असा मजूर मालकाला नेहमीच सोयीचा. नोकरी गेली की खोलीही जाते. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर पुढची सारी हकिकत आपोआप उलगडते.

१९३४ साली वसाहत सरकारने आणखी एक पाऊल टाकले. किप्सिगीस समाजात तलाई नावाचे एक कुळ आहे. त्यांच्यातले पुरुष भविष्य सांगणारे, समाजाला सल्ला देणारे मानले जात. सरकारला ते बंडखोर वाटत. त्यांच्यासाठी एक खास कायदाच करण्यात आला आणि बायकामुलांसकट शेकडो माणसे उचलून व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या ग्वासी या भागात नेऊन टाकली गेली. थंड डोंगरातली माणसे डासांच्या आणि त्सेत्से माशीच्या प्रदेशात. स्वातंत्र्य जवळ येईपर्यंत त्यांना परतता आले नाही. त्या काळात मळे वाढत राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी २०२१ साली या अन्यायाबद्दल ब्रिटिश सरकारकडे उघडपणे चिंता व्यक्त केली, तेव्हा नव्वद वर्षांपूर्वीची ही गोष्ट बाहेरच्या जगातल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकली.

आता आपल्या माणसांविषयी. बार्देशातल्या हळदोणे, साळगाव, मयडे अशा गावांत फिरा. आफ्रिकेच्या पैशाने बांधलेली घरे आजही दाखवली जातात. मोंबासा, नैरोबी, कंपाला इथे गोंयकार गेले ते बहुतांशी कारकून, शिंपी, आचारी, रेल्वेचे आणि सरकारी कचेऱ्यांचे नोकर म्हणून. स्वच्छ अक्षर आणि चोख हिशोब ही त्यांची कमाई. साहेबाचा त्यांच्यावर विश्वास होता. पण त्या विश्वासाला एक कुंपण होते. १९०८ साली वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांनी ठरवून दिले की केनियाच्या उंच, थंड प्रदेशातली जमीन व्यवहारात फक्त गोऱ्यांना दिली जाईल. १९२३ च्या डेव्हनशायर श्वेतपत्रिकेने तेच धोरण कायम ठेवले. 'व्हाइट हायलँड्स' हे नाव त्यामुळेच पडले. म्हणजे गोंयकाराने त्या जमिनीचे दस्तऐवज सुंदर अक्षरात लिहावे, पण एक एकर विकत घेऊ नये.

त्यामुळे आपला माणूस ना बंगल्यावरचा, ना लाइनमधला. तो मधल्या कचेरीतला. मधल्या कचेरीतून दोन्हीकडचे थोडेथोडे दिसते आणि बहुतेकांनी दिसलेल्या गोष्टीकडे न पाहण्याचे ठरवले. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. गावी पैसे पाठवायचे होते, घराचे छप्पर घालायचे होते, बहिणींची लग्ने करायची होती. पण सगळ्यांनीच डोळे मिटले असे नाही. पिओ गामा पिंतो या गोंयकाराचे नाव इथे घ्यायलाच हवे. १९२७ साली नैरोबीत जन्म, शिक्षण भारतात, काही काळ आपल्या धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात. मुंबईत असताना ते गोवा मुक्तीच्या चळवळीत पडले आणि पोर्तुगीजांच्या रोषाला नको म्हणून १९४९ च्या सुमारास केनियात परतले. तिथे ते पत्रकार झाले. पत्रकार म्हणून त्यांनी धरलेला विषय कोणता? जमिनीचा. उंच प्रदेशातून हुसकलेल्या आफ्रिकन शेतकऱ्यांचा. माऊ माऊ उठावाच्या काळात १९५४ साली त्यांना अटक झाली आणि मांडा बेटावर त्यांनी वर्षानुवर्षे स्थानबद्धता भोगली. स्वातंत्र्यानंतर ते खासदार झाले, पण जमिनीचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत घराच्या फाटकाजवळ, मोटारीत लहान मुलगी बसलेली असताना, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघे ३७. कचेरीतून उठून लाइनकडे चालत गेलेल्या माणसाची ही किंमत.

स्वातंत्र्य १२ डिसेंबर १९६३ ला आले. चहात एक मोठा आणि चांगला बदल झाला तो म्हणजे लहान शेतकरी. वसाहतीच्या काळात आफ्रिकन शेतकऱ्याला चहा लावायला फार उशिरापर्यंत परवानगी नव्हती. १९६४ साली लहान शेतकऱ्यांसाठी चहा विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि आज केनियाचा अर्ध्याहून जास्त चहा अशा छोट्या तुकड्यांवर पिकतो. काळा चहा निर्यात करणारा जगातला सर्वांत मोठा देश म्हणून केनियाचे नाव झाले, त्यात या शेतकऱ्यांचा वाटा मोठा आहे. पण केरिचोचे मोठे मळे कंपन्यांकडेच राहिले. ब्रुक बॉन्ड १९८४ साली युनिलिव्हरने घेतली, मळेही त्यांच्याकडे गेले. बंगला, कचेरी, लाइन ही रचना तशीच राहिली.

आणि पाहुणे येत राहिले. ब्रुक बॉन्डने १९५० च्या दशकात केरिचोत 'टी हॉटेल' बांधले. मागे बाग, बागेपलीकडे थेट चहाचा मळा. येणारा लेखक, छायाचित्रकार, प्रवासी तिथे उतरायचा, व्हरांड्यात बसून चहा घ्यायचा आणि समोरचा हिरवा गालिचा टिपायचा. त्याने खोटे लिहिले असे नाही. व्हरांड्यातून खरोखरच तेवढेच दिसते. १९८५ सालचा 'आउट ऑफ आफ्रिका' हा चित्रपट अनेकांना आठवत असेल. मेरिल स्ट्रीप, रॉबर्ट रेडफोर्ड, सात ऑस्कर. तो चहाचा नव्हे, नैरोबीजवळच्या एका कॉफीच्या मळ्याचा, कॅरेन ब्लिक्सन या डॅनिश लेखिकेच्या आयुष्यावरचा. चित्रण केनियातच झाले. डोंगर काय सुंदर टिपले आहेत! पण कथा घडते घरात आणि व्हरांड्यात. मजूर पार्श्वभूमीला आहेत, गंभीर आणि निष्ठावान. जगाच्या मनातला आफ्रिकेचा उंच प्रदेश बराचसा त्या चित्रपटाने घडवला. तो बंगल्यावरून दिसणारा प्रदेश आहे.

लाइनमधून काय दिसते याची चुणूक २००७ च्या अखेरीस मिळाली. निवडणुकीच्या निकालावरून केनियात दंगली उसळल्या. केरिचोच्या मळ्यावरचे मजूर बाहेरचे, दुसऱ्या जमातीचे. जमावाने लाइनवर हल्ले केले. माणसे मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. पुढे २१८ जणांनी लंडनच्या न्यायालयात युनिलिव्हरवर दावा लावला. त्यांचे म्हणणे, धोका दिसत असूनही आम्हाला संरक्षण मिळाले नाही. २०१८ साली तिथल्या अपील न्यायालयाने लंडनच्या मूळ कंपनीवर हा दावा चालणार नाही असा निर्णय दिला. केनियातल्या कंपनीचा कारभार वेगळा, तिथल्या सुरक्षिततेची जबाबदारी तिची, असा त्याचा मथितार्थ. कायद्याचे जाणकार त्याचे बरेवाईट सांगतील. मला एवढेच दिसते की नफा लंडनला पोचायला जी वाट सापडते ती तक्रारीला सापडत नाही.

आता त्या बीबीसीच्या चमूकडे येऊ. त्यांनी टी हॉटेलात उतरून व्यवस्थापकाची मुलाखत घेतली असती तर काय मिळाले असते? लैंगिक छळ अजिबात खपवून घेत नाही असे छापील धोरण, एक सजवलेला दवाखाना आणि एक हसणारी बाई. त्याऐवजी त्यांची एक तरुण केनियन वार्ताहर कामाच्या शोधातली गरीब मुलगी बनून गेली. वृत्तपटात तिला केटी हे टोपणनाव दिले आहे. अंगावर छुपा कॅमेरा. त्याआधी चमूने मळ्यांवर काम केलेल्या बायकांशी बोलणे केले होते. सत्तरहून जास्त बायकांनी सांगितले की वरिष्ठांनी आमच्यावर लैंगिक जबरदस्ती केली. हे मळे अनेक वर्षे युनिलिव्हर आणि जेम्स फिनले या दोन कंपन्या चालवत आल्या होत्या. काम हवे तर हे द्या, हलके काम हवे तर हे द्या, असा सरळ व्यवहार. त्यातल्या एकीने सांगितले की तिला या जबरदस्तीतून एचआयव्हीची लागण झाली.

फिनलेसाठी मजूर पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे केटी नोकरीसाठी गेली. मुलाखतीचे ठिकाण म्हणून तिला हॉटेलच्या खोलीत नेण्यात आले आणि तिथे त्याने तिच्याशी लगट सुरू केली. पैसे देतो, नोकरी देतो, ही भाषा. ती सुटली. पुढे तिला दुसऱ्या मळ्यावर, युनिलिव्हरच्या, काम मिळाले. नव्या मजुरांच्या स्वागताला एका व्यवस्थापकाने भाषण केले. छळाविरुद्ध कंपनी किती कडक आहे हे त्याने समजावून सांगितले आणि त्याच संध्याकाळी केटीला हॉटेलच्या बारमध्ये बोलावून तिच्यामागे लागला. छुप्या कॅमेऱ्यात हे सारे आले. धोरण आणि माणूस एकाच तोंडातून बोलत होते, फक्त वेळ वेगळी होती.

हे असे का चालते, याचे उत्तर मघाच्या रचनेत आहे. खुडणीवाल्या बाईचा दिवस मुकादमाच्या हातात असतो. कोणत्या तुकड्यावर पाठवायचे, जवळच्या की चढावरच्या, वजनाचा आकडा कसा लिहायचा, तण काढायचे हलके काम कोणाला द्यायचे, आजारपण मान्य करायचे की नाही, हे सारे तोच ठरवतो. दोन पाने आणि एक कोंब खुडायला कौशल्य लागते, पण रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईला ते आठ दिवसांत येते. नोकरीबरोबर खोली जाते आणि खोलीबरोबर मुलांची शाळा. अशा ठिकाणी 'नाही' म्हणण्याची किंमत पगारापुरती नसते. कायदा कागदावर असतो, मुकादम रोज समोर असतो.

वृत्तपट दाखवला गेल्यावर गदारोळ झाला. कंपन्यांनी धक्का बसल्याचे सांगितले, संबंधितांना निलंबित केले. केनियाच्या संसदेने चौकशी हाती घेतली. स्टारबक्सने फिनलेच्या केनियातल्या मळ्यांची खरेदी थांबवली. युनिलिव्हरने तर आपला बहुतेक चहाचा धंदा २०२२ मध्येच विकून टाकला होता. भारतातला मात्र ठेवला, त्यामुळे आपली रेड लेबल त्यांच्याकडेच आहे. फिनलेचे केनियातले मळे २०२३ मध्ये आणि पूर्वीचे युनिलिव्हरचे मळे २०२४ मध्ये श्रीलंकेतल्या ब्राउन्स या कंपनीकडे गेले. शंभर वर्षांनी केरिचोचा मळा सिलोनच्याच हाती आला, हा इतिहासाचा विनोद म्हणावा. मजुरांपुढे दरम्यान दुसरेच संकट उभे आहे. खुडणीची यंत्रे आली आहेत आणि एक यंत्र अनेक हातांना घरी बसवते. मे २०२३ मध्ये केरिचोत चिडलेल्या लोकांनी अशी यंत्रे जाळली. म्हणजे छळ थांबवायला मुकादम बदलणे पुरेसे नाही, आणि मुकादमाऐवजी यंत्र आणणे हाही बायकांच्या दृष्टीने उपाय नव्हे.

या वृत्तपटाबद्दल माझ्या मनात एक शंका सुरुवातीला होती. नाव बदलून, कॅमेरा लपवून कुणाच्या घरात शिरणे बरोबर का? सभ्य पत्रकारितेत ते शेवटचे हत्यार मानतात, आणि तसेच मानले पाहिजे. पण दारावरून गेलेल्याला जे दाखवले गेले असते ते आपण शंभर वर्षे पाहतच आलो आहोत. बायका आधीही बोलत होत्या. मळ्यांवरच्या लैंगिक छळाच्या तक्रारी त्याआधी दहाएक वर्षे छापून येत होत्या. त्यांचा शब्द पुरेसा मानला गेला नाही, म्हणून चित्र लागले. लाज वाटायची तर त्याची वाटायला हवी.

मला त्या वृत्तपटातली एक गोष्ट विसरता येत नाही. केटी त्या हॉटेलच्या खोलीत होती तेव्हा जवळच चमूची माणसे तैनात होती. काही वेडेवाकडे झाले तर तिला बाहेर काढायची तयारी होती. ती असायलाच हवी होती, त्यात कमीपणा नाही. पण त्या सत्तर बायकांच्या दाराबाहेर कोणीच नव्हते. केटीचा मुक्काम काही दिवसांचा, त्यांचा जन्माचा. लाइनमध्ये जाऊन राहिलेल्या पाहुण्यालाही शेवटी परतीचे तिकीट असते, आणि तेवढा भाग कोणताही कॅमेरा टिपू शकत नाही. पिंतोंनी ते तिकीट फाडले होते, म्हणून त्यांचे नाव वेगळे घ्यावे लागते.

आता कुठलाही डोंगरी मळ्याचा सुंदर माहितीपट लागला की मी मनातल्या मनात पडद्याला विचारतो, "तुमी खंय रावतात?" बहुतेक वेळा उत्तर पहिल्या पाच मिनिटांतच मिळते. व्हरांड्याचा कठडा कुठेतरी दिसतोच.